जुन्या मिनी पीसीवर घरचा सर्व्हर: एलएक्ससी, व्हीएम की नुसतं डॉकर? शिवाय सीजीनॅटचं काय करावं?

प्रश्न: निवांत_नोड

सेकंडहँड मिनी पीसी आहे. इंटेल आय५-८५००टी, ८-८ जीबीच्या दोन स्टिक मिळून १६ जीबी रॅम, २५६ जीबी एनव्हीएमई आणि १ टीबी साटा एसएसडी. बॅकअपसाठी ४ टीबीची यूएसबी पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली आहे.

चालवायचं आहे ते असं: इमिच (फोटोंसाठी; फोटो-व्हिडिओ साधारण ६०० जीबी), जेलीफिन (सिनेमांसाठी), नेक्स्टक्लाउड (फाइलींसाठी), होम असिस्टंट (घरातल्या स्मार्ट उपकरणांसाठी) आणि ॲडगार्ड होम (जाहिराती अडवणारा डीएनएस). प्रॉक्समॉक्स ९ (एका पीसीवर अनेक आभासी यंत्रं चालवणारी सिस्टिम) टाकून झालं आहे, पुढचं अडलंय.

१) प्रत्येक गोष्टीला वेगळा एलएक्ससी (हलका लिनक्स कंटेनर) करायचा, की एकच व्हीएम (पूर्ण आभासी यंत्र) घेऊन त्यात सगळं डॉकरवर (प्रत्येक ॲप आपापल्या कंटेनरमध्ये) चालवायचं?
२) राउटर हॉलमध्ये आणि पीसी आतल्या खोलीत आहे. वायफायवर प्रॉक्समॉक्सला नेट मिळतं, पण व्हीएमला आयपीच मिळत नाही.
३) राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं, तरी बाहेरून काही उघडत नाही. राउटरच्या वॅन पानावर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. हाच सीजीनॅट (कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच जाहीर पत्त्यामागे ठेवणं) का?
४) पुण्यात आहे, त्यामुळे गुरुवारी लाइट जाते. घराला इन्व्हर्टर आहे, सर्व्हरसाठी वेगळा यूपीएस नाही. एवढ्यावर भागेल का?

---

तळघर_३२

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. नेटवर्कवर दुसरं कोणी लिहीलच.

डॉकर एलएक्ससीमध्ये चालतं, पण चालवू नका. प्रॉक्समॉक्सवाले स्वतःच डॉकरसाठी व्हीएम वापरा म्हणतात, आणि त्याला कारण आहे. एलएक्ससीला स्वतःचा कर्नल नसतो, तो होस्टचाच (मूळ प्रॉक्समॉक्स यंत्राचाच) कर्नल वापरतो. त्यात पुन्हा डॉकर घातलं की नेमस्पेस, ॲपआर्मर आणि स्टोरेज ड्रायव्हर एकमेकांत गुंततात. नेस्टिंग (कंटेनरमध्ये कंटेनर चालवायची परवानगी) चालू केलं की बहुतेक वेळा भागतं, मग एखादा अपडेट येतो आणि सगळं बसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये हेच झालं. डॉकरचे कंटेनर सुरू करणाऱ्या रनसीमध्ये सुरक्षेची दुरुस्ती आली आणि एलएक्ससीतले डॉकर कंटेनर ‘परमिशन डिनाइड’ म्हणत सुरूच होईनात. व्हीएममध्ये डॉकर चालवणाऱ्यांना त्याची झळ लागली नाही.

तुमच्या यंत्रावर वाटणी अशी करा:

– डेबियनची एक व्हीएम, ४ कोर, ८ जीबी रॅम. त्यात डॉकर कंपोजवर इमिच आणि नेक्स्टक्लाउड.
– होम असिस्टंटची त्यांचीच तयार व्हीएम, २ कोर, २ जीबी. बायोस ओव्हीएमएफ निवडा आणि सिक्युअर बूट बंद ठेवा, नाहीतर बूटच होत नाही. कंटेनरवाली आवृत्तीही आहे, पण तिच्यात ॲड-ऑन नसतात.
– जेलीफिन अनप्रिव्हिलेज्ड (होस्टवर रूटचे अधिकार नसलेल्या) एलएक्ससीमध्ये, २ जीबी.
– ॲडगार्ड होम एलएक्ससीमध्ये, ५१२ एमबी पुष्कळ झाली.

प्रॉक्समॉक्सला स्वतःसाठी दीड-दोन जीबी लागते. बेरीज साडेचौदाच्या आसपास जाते, म्हणजे बसतं पण ऐसपैस नाही. म्हणून या यंत्रावर झेडएफएस ही फाइलसिस्टम नको. झेडएफएसचा एआरसी कॅशे रॅम खातो (हल्लीचा इन्स्टॉलर त्याला एकूण रॅमच्या १० टक्क्यांची मर्यादा घालतो, पूर्वी निम्म्यापर्यंत जायचा), आणि साध्या ग्राहकी एसएसडीवर त्याचं लिखाणही जास्त होतं. एक्सटी४ आणि एलव्हीएम-थिन ठेवा. पैसे घालायचेच असतील तर आधी रॅम ३२ करा.

एलव्हीएम-थिनचा धोका लक्षात ठेवा. थिन पूलमध्ये प्रत्यक्षात असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा व्हीएमना वाटता येते. पूल शंभर टक्के भरला की व्हीएम आयओ एररवर थांबतात आणि आतली फाइलसिस्टम बिघडू शकते. यासाठी डिस्क जोडताना ‘डिस्कार्ड’वर खूण करा आणि व्हीएमच्या आत एफएसट्रिमचा साप्ताहिक टायमर चालू आहे ना ते पाहा. हे केलं नाही, तर आत फाइली पुसल्या तरी पूलमधली जागा मोकळी होत नाही. पूल ८० टक्क्यांवर गेला की इशारा यावा अशी सोय करा, आणि मेटाडेटाचा टक्का वेगळा बघा, तोही भरतो.

व्हीएमचा सीपीयू प्रकार ‘होस्ट’ ठेवा. मूळ निवडीत प्रोसेसरच्या एव्हीएक्स सूचना व्हीएमला दिसत नाहीत आणि काही सॉफ्टवेअर त्यावाचून सुरूच होत नाही. मोंगोडीबी ५ आणि पुढचं हे नेहमीचं उदाहरण.

जेलीफिन एलएक्ससीत का? तुमच्या प्रोसेसरमध्ये यूएचडी ६३० ग्राफिक्स आहे, व्हिडिओचा फॉरमॅट बदलण्याचं काम (ट्रान्सकोडिंग) ते करतं. ते व्हीएमला पासथ्रू केलं (थेट सोपवलं) की त्या व्हीएमचंच होतं आणि प्रॉक्समॉक्सचा मॉनिटरही काळा पडतो. एलएक्ससीला फक्त रेंडर-डी-१२८ हे डिव्हाइस द्यायचं असतं, आणि तेच डिव्हाइस आणखी एलएक्ससींनाही देता येतं. कंटेनरच्या रिसोर्सेस पानावर डिव्हाइस पासथ्रू आहे, तिथे जीआयडी विचारतो. तो कंटेनरच्या आतल्या ‘रेंडर’ ग्रुपचा द्यायचा, होस्टवरचा नव्हे. हे दोन आकडे बहुतेकदा वेगळे असतात, आणि ‘हार्डवेअर ट्रान्सकोडिंग होत नाही’ या तक्रारींतल्या अर्ध्या इथेच मिटतात. यूएचडी ६३० एचईव्हीसी १०-बिट व्यवस्थित डीकोड करतं. एव्ही१ मात्र नाही, त्या फाइली आल्या की सगळा भार सीपीयूवर.

सिनेमांचं फोल्डर होस्टवरून बाइंड माउंट करणार (कंटेनरमध्ये थेट दाखवणार) असाल तर यूआयडीचं (युजर क्रमांकाचं) गणित आधी समजून घ्या. अनप्रिव्हिलेज्ड कंटेनरमध्ये आतला १००० नंबरचा युजर बाहेर १०१००० असतो. फोल्डरची मालकी होस्टवर १०१००० ला दिली की काम होतं. लोक कंटाळून ७७७ परवानगी देतात किंवा कंटेनर प्रिव्हिलेज्ड करतात. दोन्हीची गरज नाही.

---

वायरवाला

वायफायचं आधी, कारण ते अडलं की बाकी सगळं अडतं.

साधा वायफाय क्लायंट ॲक्सेस पॉइंटशी एकाच मॅक पत्त्याने जोडलेला असतो. ब्रिज या आभासी स्विचमागच्या व्हीएमचे मॅक वेगळे, म्हणून त्यांच्या फ्रेम ॲक्सेस पॉइंट टाकून देतो. यात प्रॉक्समॉक्सचा दोष नाही आणि कुठली सेटिंग बदलूनही ते सुटत नाही. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कॅट६ केबल. २०-२५ मीटरला गिगाबिट आरामात मिळतं. केबल शुद्ध तांब्याची घ्या, ‘सीसीए’ लिहिलेली म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. केबल ओढणं जमत नसेल तर मेश राउटरचं दुसरं युनिट आतल्या खोलीत ठेवा आणि त्याच्या लॅन पोर्टातून पीसीला वायर द्या. पॉवरलाइन ॲडॉप्टरच्या नादी लागू नका, इन्व्हर्टरची आणि मेनची लाइन वेगळी असलेल्या घरात सिग्नल मार खातो.

व्हीएमना आतल्या ब्रिजवर ठेवून होस्टवर नॅट करता येतं (सगळ्यांना होस्टच्या एकाच पत्त्यामागे ठेवता येतं), पण मग होम असिस्टंटला घरातली उपकरणं आपोआप सापडत नाहीत, कारण उपकरणं शोधणारी एमडीएनएसची पाकिटं नॅट ओलांडत नाहीत.

वायर जोडल्यावर आणखी एक गोष्ट. या पिढीच्या मिनी पीसींत बहुधा इंटेल आय२१९-एलएम नेटवर्क चिप असते. मोठी फाइल चालू असताना नेट अचानक मेलं आणि कर्नल लॉगमध्ये ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’ दिसलं, तर केबल बदलत बसू नका. इथटूलने त्या कार्डावरचे टीएसओ आणि जीएसओ (पाकिटं तोडण्याचं काम पुढे ढकलणाऱ्या सोयी) बंद करा आणि तीच आज्ञा नेटवर्क इंटरफेसच्या फाइलमध्ये पोस्ट-अप ओळ म्हणून टाका, म्हणजे रीबूटनंतरही टिकेल.

आता सीजीनॅट. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा आरएफसी ६५९८ ने २०१२ मध्ये नेमका याचसाठी राखून ठेवला. तुमचा १००.७२ त्यातच बसतो. म्हणजे तुमच्या राउटरच्या वर कंपनीचा आणखी एक नॅट आहे. पोर्ट फॉरवर्ड तुम्ही तुमच्या दारात केलंत, सोसायटीचं गेट बंदच आहे. मार्ग असे:

टेलस्केल, म्हणजे आपली उपकरणं जोडणारं खासगी व्हीपीएन. घरच्या पाच-सात लोकांसाठी हेच करा. एका छोट्या एलएक्ससीत टाका, त्याला टन डिव्हाइस (आभासी नेटवर्क कार्ड) द्या, आयपी फॉरवर्डिंग चालू करा, घरचा सबनेट (घरच्या पत्त्यांचा पट्टा) जाहीर करा आणि टेलस्केलच्या ॲडमिन पानावर तो रूट मंजूर करा. ही शेवटची पायरी हमखास राहून जाते. त्याच पानावर सर्व्हरची ‘की एक्स्पायरी’ बंद करा. मूळ मुदत १८० दिवसांची असते, आणि ती नेमकी तुम्ही गावाला गेल्यावर संपते. जोडणी थेट आहे की रिलेमार्गे (मधल्या सर्व्हरवरून), ते टेलस्केल पिंगने कळतं. रिले असेल तर फोटो दिसतील, पण व्हिडिओ अडखळेल.

घरचा सबनेट १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० असेल तर आत्ताच बदला, १९२.१६८.४७ वगैरे काहीही घ्या. ऑफिसचं किंवा मित्राचं वायफायही १९२.१६८.१ वर असलं, तर तुमचा लॅपटॉप घरचा सर्व्हर तिथल्याच नेटवर्कवर शोधत राहतो.

आयपीव्ही६. मिळत असेल तर पोर्ट फॉरवर्ड लागतच नाही, प्रत्येक व्हीएमला स्वतःचा जाहीर पत्ता असतो. फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्यापुरतं पोर्ट उघडावं लागतं, आणि कंपनीने दिलेल्या ओएनटीत (फायबरच्या डब्यात) ती सोय पुष्कळदा नसते. प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलत राहतो, म्हणून डायनॅमिक डीएनएसचा (नावाला नवा पत्ता जोडणारा) क्लायंट राउटरवर न ठेवता त्या व्हीएमच्या आतच चालवा.

मुंबईतला स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आणि वायरगार्ड (व्हीपीएन). लोकांना लिंक पाठवायची असेल, त्यांच्याकडे टेलस्केल नसेल, तर हे. व्हीपीएसवर यूडीपी ५१८२० उघडा. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर सीजीनॅट ती नोंद विसरतो आणि बाहेरून आत येणारी वाट बंद होते. एमटीयूकडेही (एका पाकिटाच्या कमाल आकाराकडेही) बघा. वायरगार्डचा नेहमीचा आकडा १४२०. बाहेरचा प्रवास आयपीव्ही४ वरून असेल तर त्यावर ६० बाइट चढतात, १४८० होतात, पीपीपीओई जोडणीच्या १४९२ मध्ये बसतात. आयपीव्ही६ वरून ८० चढतात, १५०० होतात, आणि मग बसत नाहीत. लक्षण ठरलेलं: पिंग चालतं, लॉगिनचं पान उघडतं, फोटोंची यादी मात्र अडकते. १३८० करून टाका आणि विषय संपवा.

क्लाउडफ्लेअर टनेल सोपं आहे, पण फुकटच्या योजनेत एका विनंतीत १०० एमबीपेक्षा मोठं अपलोड जात नाही. इमिचवर फोनमधले मोठे व्हिडिओ तिथेच अडकतात. शिवाय एनक्रिप्शन त्यांच्या सर्व्हरवर उलगडतं. फोटो घरचे आहेत, तेव्हा विचार तुमचा.

स्टॅटिक आयपी विकत घेणं हाही मार्ग आहे. कंपनी रास्त दरात देत असेल तर घ्या, फक्त खालचा डॉकर आणि फायरवॉलचा भाग वाचल्याशिवाय पोर्ट उघडू नका.

---

साधा_डेबियन

माझं मत वेगळं आहे. १६ जीबी रॅम, एकच यंत्र आणि एकच माणूस सांभाळणारा. त्यासाठी हायपरवायझर (म्हणजे प्रॉक्समॉक्स), दोन व्हीएम आणि दोन एलएक्ससी म्हणजे पाच ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट. सरळ डेबियन १३ टाका आणि कंपोजच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून गिटमध्ये घाला. आठ जीबी व्हीएमला बांधून ठेवावी लागत नाही, ज्याला लागेल तो घेतो. ग्राफिक्सही जेलीफिन आणि इमिच दोघांना एका ओळीत देता येतं. होम असिस्टंट कंटेनरमध्ये होस्ट नेटवर्कवर चालवा. झिगबीचं (स्मार्ट उपकरणांच्या बिनतारी नेटवर्कचं) काम ॲड-ऑनऐवजी वेगळ्या कंटेनरने होतं.

प्रॉक्समॉक्सचा खरा फायदा एकच, स्नॅपशॉट घेऊन बिनधास्त मोडतोड करता येते. ते शिकायचंच असेल तर जरूर ठेवा. फक्त ‘दोन्हीतलं चांगलं घेऊ’ म्हणून प्रॉक्समॉक्सच्या होस्टवरच डॉकर टाकू नका. डॉकर आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) फॉरवर्ड चेनचं धोरण ‘ड्रॉप’ करतं आणि ब्रिज नेटफिल्टरमुळे व्हीएमची पाकिटंही त्याच चेनमधून जायला लागतात. परिणाम असा की डॉकर टाकल्याबरोबर सगळ्या व्हीएमचं नेट जातं आणि कारण लवकर सापडत नाही.

---

निवांत_नोड

सगळ्यांचे आभार. प्रॉक्समॉक्स ठेवतोय, शिकायचंही आहे. केबल ओढून घेतली, व्हीएमला आयपी मिळाला. टेलस्केल चालू झालं, जोडणी थेट दाखवतंय.

दोन शंका. डॉकरच्या व्हीएममध्ये यूएफडब्ल्यू ही फायरवॉल टाकून फक्त २२ आणि ४४३ उघडे ठेवलेत, तरी दुसऱ्या लॅपटॉपवरून नेक्स्टक्लाउडचं ८०८० उघडतं. यूएफडब्ल्यू स्टेटसमध्ये ते बंदच दिसतं. दुसरं, ॲडगार्ड बंद पडला तर घराचं नेट जाऊ नये म्हणून राउटरच्या डीएचसीपीत दुसरा डीएनएस ८.८.८.८ दिला, तर आता जाहिराती अधूनमधून दिसतात.

---

तळघर_३२

यूएफडब्ल्यू खोटं बोलत नाही, त्याला विचारलंच जात नाही. कंपोजमध्ये ‘पोर्ट्स’ लिहिलं की डॉकर प्रीराउटिंगमध्ये डीनॅटचा नियम घालतं. पाकिटाचा पत्ता तिथेच बदलतो, म्हणून ते इनपुट चेनमध्ये न येता फॉरवर्डमध्ये जातं. यूएफडब्ल्यूचे तुमचे नियम इनपुटवर आहेत. उपाय: ज्या सेवेपुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आत पोहोचवणारा सर्व्हर) आहे तिची पोर्टची ओळ ‘८०८०:८०’ अशी न लिहिता ‘१२७.०.०.१:८०८०:८०’ अशी लिहा. प्रॉक्सीही त्याच डॉकर नेटवर्कवर असेल तर ‘पोर्ट्स’ पूर्ण काढा, कंटेनर एकमेकांना नावाने सापडतात. यापलीकडे गाळणी हवी असेल तर नियम ‘डॉकर-यूझर’ चेनमध्ये घाला, ती त्याचसाठी मोकळी ठेवलेली असते. पोस्टग्रेस आणि रेडिस या डेटाबेसचं पोर्ट चुकूनही जाहीर करू नका.

व्हीएमच्या बाहेरून अडवायचं असेल तर प्रॉक्समॉक्सची स्वतःची फायरवॉल आहे. ती व्हीएमच्या नेटवर्क कार्डावर बसते, आतलं डॉकर तिला वळसा घालू शकत नाही.

डीएनएसचं: दुसरा पत्ता म्हणजे राखीव खेळाडू नव्हे. फोन आणि लॅपटॉप दोन्हींपैकी कोणालाही विचारतात. एकतर फक्त ॲडगार्डचा पत्ता द्या, किंवा दुसरा ॲडगार्ड वेगळ्या यंत्रावर चालवा, जुना रासबेरी पाय चालेल. प्रॉक्समॉक्स होस्टचा स्वतःचा डीएनएस मात्र ॲडगार्डकडे वळवू नका, राउटरचा ठेवा. नाहीतर वीज आल्यावर होस्ट ज्याची वाट पाहतोय तो कंटेनर त्याच होस्टवर अजून सुरू व्हायचा असतो.

---

मेणबत्ती

चौथा प्रश्न राहिलाच की.

इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते चालू ठेवा. त्यात बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो आणि मिनी पीसीचा ॲडॉप्टर तेवढं सोसतो. राउटर आणि ओएनटी बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यांना एक छोटा डीसी यूपीएस लावा. पण दोघांचं व्होल्टेज आधी ॲडॉप्टरवर वाचा.

खरी अडचण अशी की घरच्या इन्व्हर्टरला बहुतेकदा यूएसबी नसतं, म्हणजे वीज गेलीय हे सर्व्हरला कळणार कसं? साधी युक्ती: इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटमध्ये एखादा वायफाय स्मार्ट प्लग लावा आणि त्याला पक्का आयपी द्या. होस्टवर दर मिनिटाला पिंग करा. सलग दहा वेळा उत्तर नाही आलं आणि त्याच वेळी राउटर मात्र उत्तर देतोय, तरच शटडाउन. राउटरची अट विसरलात तर वायफाय रीस्टार्ट झाल्यावरही सर्व्हर बंद पडेल.

मग तो परत चालू कसा होणार? बायोसमध्ये ‘एसी रिकव्हरी’ किंवा ‘आफ्टर पॉवर लॉस’ पॉवर ऑन करा असं सगळे सांगतात. ते करा, पण इन्व्हर्टरवर ते पुरत नाही. इन्व्हर्टर चालूच असल्याने पीसीची वीज कधी गेलेलीच नसते, तेव्हा बायोसला ‘वीज परत आली’ हे दिसत नाही. म्हणून शटडाउनच्या आधी आरटीसीवेकने तीन तासांनंतर पीसी आपोआप चालू होण्याचा गजर लावा. त्या वेळीही वीज नसेल तर तीच स्क्रिप्ट पुन्हा बंद करेल. घरी रासबेरी पाय असेल तर वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून पीसी चालू करणं) अधिक नेटकं.

खर्च: १५ वॉट धरले तर महिन्याला १०.८ युनिट.

बॅकअपचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. प्रॉक्समॉक्सचा बॅकअप एलएक्ससीचे बाइंड माउंट घेत नाही, सिनेमे त्यात येणार नाहीत. उलट अख्खी डिस्क व्हीएमला जोडलीत तर ‘बॅकअप’ची खूण आपोआप असते आणि रात्री ती सगळी उचलायला जातो. इमिचचे फोटो आणि त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस दोन्ही हवेत. नुसते फोटो वाचले तर अल्बम, चेहऱ्यांची नावं, सगळं गेलं. डेटाबेसचा रोजचा डंप वेगळा घ्या. व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट टाका, म्हणजे बॅकअपच्या क्षणी फाइलसिस्टम थांबवली जाते.

४ टीबीची पोर्टेबल डिस्क बहुधा एसएमआर (सतत लिहिताना मंदावणारी) असेल. बॅकअपला ठीक, व्हीएमच्या डिस्क तिच्यावर ठेवू नका. एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) ‘नोफेल’ लिहा, नाहीतर यूएसबी निघालेली असताना होस्ट इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो. आणि प्रॉक्समॉक्सच्या स्टोरेज व्याख्येत ‘इज माउंटपॉइंट’ हो करा. ते नसलं तर डिस्क जोडलेली नसताना बॅकअप मुकाट्याने २५६ जीबीच्या रूट डिस्कवर उतरतो, ती भरते, आणि प्रॉक्समॉक्सचं वेब पान (पोर्ट ८००६) सुद्धा लॉगिन घेईनासं होतं. तसं झालंच तर एसएसएचने आत जा, आधी डिस्क अनमाउंट करा, मगच त्या रिकाम्या दिसायला हव्या असलेल्या फोल्डरमधल्या फाइली पुसा. उलट क्रमाने केलंत तर खरे बॅकअप पुसले जातील.